मागचा डावा पाय

बैलाच्या गुडघ्याचा इतका खोल विचार उभ्या रायगड जिल्ह्यात खुद्द बैलांनीही केला नसेल, जितका माझ्या साडूने केला आहे. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा हा नवरा पनवेलजवळच्या एका गावात राहतो. अंगाने पिंप, आवाजाने लाउडस्पीकर. पण त्या पिंपात कुठेतरी एक अतिशय नाजूक यंत्र बसवलेलं आहे आणि त्या यंत्राला जगातली एकच गोष्ट कळते, ती म्हणजे दणका. आमच्या नव्या पनवेलच्या फ्लॅटवर तो आला, की चहापाण्याआधी सोफा तळहाताने दाबून बघतो. एकदा त्याने तोंड वाकडं केलं आणि मी 'अरे, अरे' म्हणेपर्यंत सोफा उलटा पाडून त्याच्या स्प्रिंगा सुतळीने आवळायला बसला. बायकोने आणलेला शिरा त्याने त्याच उलट्या सोफ्याच्या पायावर ताटली टेकवून खाल्ला. मग आमची लिफ्ट. ती थांबताना ढुशी मारते असा त्याला संशय आला, म्हणून अर्धी दुपार तो एकटाच वर-खाली करत राहिला आणि शेवटी सोसायटीच्या सेक्रेटरीला गाठून म्हणाला, "तुमची लिपट चांगली हाय, पन तिला थांबायला शिकवा." ते गृहस्थ लिफ्टच्या कंपनीत आहेत का, असं सेक्रेटरी अजून मला विचारतो. रस्त्यातल्या खड्ड्यांना त्याने नावं दिली आहेत, तीही नातेवाइकांची. गोवा हायवेच्या तोंडाशी 'मामा' आहे, रुंद पण उथळ. त्याच्या पुढे 'आत्या', दिसायला लहान, पण एकदा तावडीत सापडलात की सोडत नाही. 'साडूभाव' नावाचाही एक खड्डा आहे म्हणे. तो कसा आहे, हे विचारायची माझी अजून हिंमत झालेली नाही.

हे यंत्र त्याच्या अंगात जन्मापासून नव्हतं. ते बसवलं हवालदाराने. हवालदार म्हणजे त्याचा शर्यतीचा बैल. रंगाने खाकी आणि उभं राहण्याची ऐट अशी, की समोरच्याने आपोआप लायसन काढावं. वाळूवर तो सुटला की साडू काठावर उभा राहून इतका ओरडायचा, की पुढचे दोन दिवस घरात शांतता असायची. पण एका शर्यतीहून परत येताना आत्याने डाव साधला. साडूचा ट्रक उचलून आपटला आणि मागे बांधलेला हवालदार मागच्या डाव्या पायावर बसला, तो लंगडतच उतरला. जनावरांच्या डॉक्टरांनी पाय चाचपून सांगितलं, की शर्यत आता विसरायची. मात्र समुद्राच्या पाण्यात, ओल्या वाळूत याला नेमाने चालवा, नाहीतर पाय कायमचा आखडेल.

पूर्वी हे किती सोपं होतं! साडूच्या घरामागे मिठागर, मिठागरामागे खाडी. भरतीला पाणी अगदी परसापर्यंत यायचं. आता तिथे भराव आहे, भरावावर रस्ता आणि रस्त्यापलीकडे इतके उंच टॉवर, की त्यांच्या सावलीत साडूच्या घरी दुपारी चारलाच दिवा लावतात. समुद्र गाठायचा तर थेट उरणच्या बाजूला जायला हवं, म्हणजे ट्रकने. आणि त्या दणक्यानंतर हवालदार ट्रक दिसला की चारही पाय रोवून उभा राहायचा. गूळ दाखवून झाला, पेंड दाखवून झाली. आठ जणांनी मागून ढकलून पाहिलं, तर त्यातलेच दोघे पुढे ट्रकमध्ये जाऊन पडले आणि बैल जागच्या जागी.

तेव्हा साडूने ठरवलं, की चूक बैलाची नाही, ट्रकची आहे. सुकापूरच्या बाजूला एका चाचाचं गॅरेज आहे. चाचा बरीच वर्षं आखातात अवजड गाड्यांखाली झोपून आलेला. त्याला साडू म्हणाला, "याचे हे लोखंडी कमानपाटे काडून टाक. लक्झरी बसला हवेचे फुगे असतात ना, ते बसव."

चाचा ट्रकखालून बाहेर आला. "बैलासाठी?"

"मंग काय माज्यासाठी?"

"बसवू, दादूस, इन्शाल्ला एकदम मखमल होईल. मगर फुग्यांचे दांडे जिथे यायचे, तिथेच बरोबर तुमची डिझेलची टाकी बसलीय. ती आधी हलवायला लागेल."

टाकी होती डाव्या अंगाला, मागच्या चाकाच्या पुढ्यात. ती कुठे हलवायची, यावर पुढचा महिनाभर जी चर्चा झाली, तेवढ्यात एखादं गाव हलवून झालं असतं. चाचा म्हणाला, केबिनच्या मागे उभी करू. साडू खवळला, "हवालदाराच्या नाकाशी? तू बिर्याणी खाताना नाकाशी रॉकेल ठेवशील का?" मग उजवीकडे न्यावी, तर तिथे बॅटरी. बॅटरी मागे न्यावी, तर तिथे जादा चाक. साडू पानवाल्याला विचारायचा, भटजींना विचारायचा, मलाही रोज सकाळी फोन करून विचारायचा आणि मी काहीही सांगितलं की "तुमाला नाय कलायचं, साडूभाव," म्हणून ठेवून द्यायचा. आरटीओच्या अर्जात बदलाचं कारण म्हणून त्याने 'बैलाचा गुडघा' असं लिहिलं होतं. ते खोडून दुसरं लिहायला लावलं, याचा त्याला अजून राग आहे. माझी मेव्हणी मात्र एका वाक्यात सगळं सांगायची, "भावजी, माजी कंबर धरली तवा हे बोललं, बाम लाव. बैलाचा पाय धरला, तर ट्रक कापाया निगालं!"

अखेर बॅटरी सरकली, जादा चाक सरकलं, टाकी उजवीकडे गेली, फुगे बसले आणि ट्रक परत आला तो नेमका साडूच्या पुतणीच्या हळदीच्या संध्याकाळी. मांडवात ढोल चाललाय, म्हातारी धवलारीण लग्नाची गाणी म्हणतेय, माणसं मटणाच्या वासाने खुर्च्या पुढे सरकवतायत आणि हा मांडवाच्या तोंडाशी उभा राहून पाहुणे न्याहाळतोय, बाजारात जनावरं न्याहाळावीत तसा. रिकाम्या ट्रकची परीक्षा त्याला मान्य नव्हती. बैलाच्या वजनाची माणसं हवी होती. त्याने सहा जण निवडले. दोन जाडजूड चुलते पुढचे पाय, एक भाचा मागचा उजवा पाय, एक व्यायामपटू जावई वशिंड आणि गावातले एक बिल्डर, ज्यांना दुसरी कुठलीच जागा शोभली नसती, ते पोट.

मला त्याने दंडाला धरून कोपऱ्यात उभं केलं. "तुमी मागचा डावा पाय. जपून ऱ्हावा, दुखरा हाय."

आम्ही ट्रकमध्ये बैलाच्या आकारात उभे राहिलो. धवलारणीने गाणं थांबवलं आणि पदर तोंडाला लावून म्हणाली, "आरं, हलदीला नवरा येतं, ह्यो बैल कुटशी आला?" सगळा मांडव हसून फुटला. साडूने आमच्या मधोमध काठोकाठ भरलेला पाण्याचा तांब्या ठेवला, स्वतः शेपटीच्या जागी बसला आणि चाचाने ट्रक हायवेकडे घेतला. मामा आला, गेला, कळलंही नाही. आत्या आली. मी डोळे मिटून माझा पाय घट्ट धरला. ट्रक नुसता डुलला, पाळणा डुलावा तसा. तांब्यातलं पाणी काठापर्यंत आलं, क्षणभर थबकलं आणि परत आत गेलं. तेवढ्यात शांततेत एक खर्जातला आवाज ऐकू आला. साडू नाचायलाच लागला, "पुढचा उजवा पाय घोरतंय! जालं काम!"

दुसऱ्या दिवशी तो डिझेल भरायला गेला. सवयीने ट्रक पंपाला डावं अंग देऊन लावला, खाली उतरला, वाकून बघतो तर टाकीच्या जागी पोकळी. "टाकी चोरली!" ही आरोळी म्हणे द्रोणागिरीपर्यंत गेली. गर्दी जमली, कोणी पोलिसांना फोन लावला, कोणी काल रात्री दोन संशयित पाहिल्याचंही सांगितलं. शेवटी पंपावरचा माणूस नोझल हातात घेऊन शांतपणे पलीकडे गेला आणि तिथून म्हणाला, "शेठ, टाकी आपणच हलवून आपणच बोंबलता होय? इकडं हाय." ज्या टाकीसाठी महिनाभर कोणाला झोपू दिलं नाही, ती तो एका रात्रीत साफ विसरला होता. डोक्यात फक्त पाय.

पण खरी परीक्षा पुढेच होती. रविवारी सकाळी हवालदाराला अंगणात आणलं, तेव्हा अर्धं गाव जमलं होतं, निम्मं काळजीने आणि निम्मं मजा बघायला. हवालदाराने ट्रक पाहिला आणि पाय रोवले. कोणीतरी म्हणालं, "फुगे फुकट गेले, दादूस." साडू केबिनमध्ये चढला आणि कुठलासा खटका दाबला. फुस्स करून मोठा सुस्कारा निघाला आणि ट्रकचं मागचं अंग हळूहळू खाली, अजून खाली बसलं. हे त्याने चाचाशिवाय कोणालाच सांगितलं नव्हतं. एवढा मोठा ट्रक त्या लंगड्या बैलापुढे गुडघे टेकून बसला होता. मांडवात हसणारी तीच माणसं आता वाट करून देत मागे सरकली. हवालदाराने ट्रकची फळी हुंगली. बराच वेळ हुंगली. मग दुखरा पाय हलकेच ओढत, घरात शिरावं तसा आत गेला.

द्रोणागिरीच्या गोदामांमधून आणि कंटेनरच्या रांगांमधून आम्ही समुद्रावर पोचलो. ओहोटी होती. हवालदार पाण्यात शिरला, गुडघ्याएवढ्या पाण्यात थांबला आणि शेपटी एकदाच अशी उडवली, की साडू नखशिखांत भिजला. साडू तसाच त्याच्या शेजारी उभा राहिला, पँट दुमडलेली, एक हात वशिंडावर. त्याचा तो लाउडस्पीकर पहिल्यांदाच हळू झालेला मी ऐकला. "पयले दर्या सोता यायचा आमच्याकरं," तो म्हणाला. "आता त्याला नाय जमत. तर आमी येतो."

परतताना चाव्या त्याने माझ्याकडे दिल्या आणि स्वतः मागे हवालदाराजवळ पेंढ्यावर बसला. मी आरसा जरा वळवून पाहिलं, तर दोघेही झोपले होते. बैल बसून, साडू त्याच्या मानेला डोकं टेकून. मी ट्रक इतका हळू चालवला, की मागचे रिक्षावाले माझ्या सात पिढ्यांची चौकशी करून पुढे गेले. गावाचा फाटा आला. वळलो असतो तर दोघेही जागे झाले असते. मी वळलो नाही. मामाला आणि आत्याला लांबून नमस्कार करत सरळ कर्नाळ्यापर्यंत जाऊन आलो. रस्त्यात कुठे दणका आहे, हे मला आता आधीच कळतं. मागच्या डाव्या पायात कळतं.