तांब्याभर पाणी

"मोठ्याने म्हण, तो बाप्तिस्मा नव्हता," पास्टर म्हणाले.

मी सासऱ्यांच्या शेततळ्यात कमरेएवढ्या पाण्यात उभी होते. अंगात पांढरा झगा. तळाच्या प्लॅस्टिकवर पाय घसरत होता म्हणून नवऱ्याने दंड धरलेला. काठावर सगळी मंडळी. त्यांच्या मागे, बाभळीखाली, माझी आई. मांडीवर माझ्यासाठी आणलेला कोरडा टॉवेल.

आम्ही मंठ्याजवळच्या वस्तीतले कॅथलिक. सासरचे पिढीजात मिशनवाले प्रोटेस्टंट, शेतीवाडीचे. त्यांच्या मंडळीत बाळाचा बाप्तिस्मा मानत नाहीत. माणसाला समज यावी, त्याने विश्वास धरावा, मगच सगळं अंग बुडवायचं. तेव्हा तारण, म्हणजे पापातून सुटका. लग्न झाल्यापासून सासूबाई मागे लागल्या होत्या. शेवटी मी हो म्हणाले. मला घरात शांतता हवी होती, दुसरं काही नाही.

बुडवण्याआधी साक्ष द्यावी लागते. मी माझी दिली. जन्मले तेव्हा मी निळी पडले होते. फादर जालन्याला. जिवावर बेतलं तर कुणीही बाप्तिस्मा द्यावा, असं आमच्यात आहे. आई बाळंतपणातून तशीच उठली, तांब्या घेतला आणि पित्याचं, पुत्राचं, पवित्र आत्म्याचं नाव घेत माझ्या कपाळावर पाणी ओतलं. मी जगले. पुढे फादर आले, तेव्हा त्यांनी परत पाणी घातलं नाही. फक्त तेल लावलं आणि आईला म्हणाले, "बराबर केलंस." खुरपणीत जन्म गेलेल्या माझ्या आईला असं कुणी म्हणाल्याचं ते एकदाच.

पास्टर हसले. मग मंडळी हसली.

"मिलोच्या पोत्यासाठी ख्रिस्ती झाल्ते हे लोक," सासरे काठावरून म्हणाले. "यांना तारणातलं काय कळतंय?"

मिलो म्हणजे दुष्काळात फादरांनी वाटलेली लाल ज्वारी. आमच्या माणसांनी खाल्ली. भूक लागली होती. सासऱ्यांच्या आजोबांना मिशनने नोकरी दिली होती, त्याला मात्र श्रद्धा म्हणतात.

आईने टॉवेलची घडी मोडली, परत घातली.

आणि मी म्हणाले, "नव्हता."

म्हणाले मी. तिच्यादेखत. तिच्या तांब्याला.

"आता म्हण, माझी आई तारणाबाहेर आहे," पास्टर म्हणाले आणि बुडवायला माझ्या डोक्यावर हात ठेवला.

मी तो हात बाजूला केला. "हे मी न्हाई म्हणणार."

"म्हण ना जल्दी," नवरा कानाशी कुजबुजला. "लोक बघून राह्यले."

"बघू दे."

मी पाण्यातून बाहेर आले. आईने टॉवेल दिला. वाटेत एवढंच बोलली, "म्हणून टाकायचं व्हतं माय. मला काय होतंय मंग?" त्या 'नव्हता'बद्दल तिने काहीच विचारलं नाही. तेच मला खातंय.

आता रविवारी प्रभुभोजनाचं, भाकर-द्राक्षरसाचं ताट मला वगळून पुढे जातं. जाऊ दे. पण उपासनेत साक्षीची वेळ असते, कुणीही उठून बोलावं. येत्या रविवारी मी उठणार. हसले तरी पूर्ण बोलणार. माझा बाप्तिस्मा झालेला आहे. माझ्या आईने केला. शेततळ्यात मी खोटं बोलले.

आईला सोबत नेणार आहे. या वेळी ती मागे बसणार नाही.