एकशे ब्याऐंशीवा दिवस

मार्टिनभाऊ सकाळी दात घासायच्या आधी कॅलेंडरवर फुली मारायचे. जर्मनीचा हा इंजिनिअर चाकणच्या एका कंपनीत मशिनी बसवायला यायचा आणि चिंचवडात आमच्या वरच्या खोलीत राहायचा. पाच वर्षं राहिला. पण सलग नाही हं. मधूनच बॅग भरायची, निघायचं, दोन-तीन महिन्यांनी परत हजर. मला वाटायचं, घरच्या ओढीने दिवस मोजत असेल बिचारा. बायको-पोरं नव्हती, पण म्हातारी आई होती ना तिकडे!

एकदा विचारलंच. "भाऊ, कसले दिवस मोजता वो?"

मराठी ते कंपनीतल्या पोरांकडून शिकलेले. म्हणाले, "काय राव ताई! टॅक्सचे." मग खुर्ची ओढून समजावत बसले. त्यांचं खातं तिकडच्या बँकेत. ती बँक दर वर्षी फॉर्म पाठवून विचारायची, तुम्ही रहिवासी कुठले, टॅक्स कुठे भरता? एप्रिल ते मार्च इथे एकशे ब्याऐंशी दिवस भरले, की माणूस इथला रहिवासी ठरणार आणि तिकडच्या खात्याची माहिती इथेही द्यावी लागणार. "एकशे एक्क्याऐंशी, लय भारी. एकशे ब्याऐंशी, डोक्याला ताप!"

त्यांच्या येण्याजाण्याच्या तारखांच्या कागदावर घरमालकीण म्हणून माझी सही लागायची. माझी शाळा चौथीपर्यंत; पुढचं वाचन मी पेपर वाचवाचून शिकले, पण इंग्रजीचं नाव नको. मी न वाचता सही करायला लागले की हात धरायचे. "ताई, आधी विचारा. कागदावर विश्वास ठेवायचा नाही." माणसाबद्दल मात्र कधी काही बोलले नाहीत.

मला सख्खा भाऊ नाही. पहिल्याच श्रावणात मी त्यांना राखी बांधली. मशिनीपाशी हातात दोरा चालत नाही, म्हणून शर्टाच्या खिशात ठेवायचे आणि घरी आले की परत मनगटावर. आता सांगा, असं कोण करतं?

पूजाचं, माझ्या लेकीचं, लग्न फेब्रुवारीत ठरलं. तिचे वडील आधीच गेलेले. मुलीला मांडवात आणायला, तिच्या पाठीशी उभं राहायला मामा लागतो. मी म्हटलं, "मामा तुमीच हाय, भाऊ." ते चक्क उठून उभे राहिले. "शंभर टक्के, ताई!" आरशासमोर फेटा बांधून बघितला, पूजाचा हात धरून हॉलमध्ये चालूनही दाखवलं. पोरगी हसून हसून लोळली.

हळदीच्या सकाळी बॅग घेऊन खाली आले. "आई आजारी. जावं लागतं."

"जावा भाऊ, आई आधी," म्हटलं मी. वर म्हातारीसाठी डबा भरून रुखवताचे लाडू दिले.

दुसऱ्या दिवशी भटजी ओरडतायत, "मामा कुठायत? मामांना बोलवा!" शेजारची काकू म्हणाली, "विमानात बसलेत की!" मांडवात हशा झाला. शेवटी माझा लांबचा एक चुलतभाऊ उभा केला. पूजा एकदा मागे वळली, मग नाही.

पाहुणे गेल्यावर खोली झाडायला वर गेले. जुन्या-नव्या कॅलेंडरवर मिळून एप्रिलपासून एकशे एक्क्याऐंशी फुल्या, दोनदा मोजल्या मी. आणि लग्नाच्या तारखेला लाल गोल.

फोन लावला. "आई कशी हाय, भाऊ?"

"आई? मजेत. का?" मग त्यांचं त्यांनाच आठवलं असणार. म्हणाले, "ताई, एक दिवस जास्त झाला असता."

"एकच?"

"एकच."

ते पुन्हा आले नाहीत. दोन महिन्यांनी त्यांचा तो तारखांचा कागद मात्र आला. पूजा माहेरी आली होती, तिने वाचून दाखवला. "भारतात नातेवाईक?" या प्रश्नापुढे त्यांनी लिहिलं होतं, "कोणी नाही." खाली माझ्या सहीची जागा.

"फाडून टाक, आई!"

"पेन दे," म्हटलं मी. आधी सगळं विचारून घेतलं, मग मराठीत, पूर्ण नावानिशी सही केली. खोटं असं त्यात काही नव्हतंच.