खोल बाजूची भिंत

पोहण्याच्या तलावावरचा पंपवाला आकड्यांचा भारी शौकीन. नळ गळतो म्हणून बोलावलं तरी आधी पाण्याचा दाब सांगायचा, मग पाना काढायचा. बायको म्हणायची, "यांना चहा दिला, तर कपाच्या बुडावर किती भार येतो ते आधी बघतात." ती तिथेच, बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीवर देखरेखीला होती. खोली आणि तलावाची खोल बाजू यांच्यात एकच भिंत. त्या भिंतीवर पाण्याचा किती जोर येतो, ते दर वर्षी तो काढून द्यायचा. पाणी दोन मीटर, म्हणजे सरासरी दाब चौरस मीटरला एक टन. भिंत दहा मीटर लांब, सगळा मिळून जोर वीस टन. भिंत पस्तीसपर्यंत पेलेल, असा दाखला होता. बावीस वर्षांत तो एक टन त्याच्या अगदी अंगवळणी पडला.

यंदा स्पर्धेसाठी साहेबांनी पाणी तीन मीटर करायला सांगितलं. त्याने भिंतीचं क्षेत्रफळ नवं धरलं, तीस चौरस मीटर. गुणलं मात्र जुन्याच एक टनाने. "तीस होतात साहेब, बिनधास्त भरा," म्हणत त्याने सहीही ठोकली.

स्पर्धेच्या सकाळी तलाव काठोकाठ भरला होता. तळाच्या दाबाचा काटा बघून त्याने हिशेब नव्याने मांडला. खाली तीन, वर शून्य, सरासरी दीड. तीस गुणिले दीड. पुन्हा बोटांवर मोजलं, तरी पंचेचाळीसच. त्याने पाणी सोडायचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडला, पण मीटरभर पाणी उतरायला चार तास लागणार होते.

तो धावत खोलीच्या दाराशी आला. भिंतीवर एक आडवी ओली रेघ उमटली होती. मुली खिदळत कपडे बदलत होत्या.

"सगळ्यांना बाहेर काढ," तो दारातूनच बायकोला म्हणाला.

"अहो, तुम्हीच म्हणालात ना, काळजी नाही?"

"चुकलो मी."

हे त्याच्या तोंडून तिने आजवर ऐकलं नव्हतं. तिने पिशव्या, टॉवेल जागच्या जागी टाकायला लावून मुलींना बाहेर पिटाळलं. मग त्याच्याजवळ आली.

"किती आहे जोर?"

"पंचेचाळीस."

"आणि भिंत?"

"पस्तीस." त्याने तिचा हात घट्ट धरला.

आतल्या कोपऱ्यात एक शॉवर अजून चालू होता.

"मी जातो," तो म्हणाला.

"कुणाची तरी पोर अंघोळ करतेय. तुम्ही कुठे जाताय? थांबा इथेच."

तिने हात सोडवून घेतला आणि ती आत गेली. तो दाराशी उभा राहून शॉवर बंद व्हायची वाट बघत राहिला.