भीमराव गाडी पास करतात

मद्रासच्या आमच्या मोटार कारखान्यात तेव्हा गाड्या कमी बनायच्या आणि किस्से जास्त. पार्ट येईपर्यंत माणसं गप्पा मारणार नाहीत तर काय करणार! त्यातले निम्मे तरी भीमरावांचे. हे तंजावरकडचे मराठी, फायनल इन्स्पेक्टर. त्यांची सही झाल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर जात नसे.

मी पुण्याहून नवा आलेला. पहिल्याच दिवशी कँटीनमध्ये माझं मराठी ऐकून म्हणाले, "भाषा चांगली आहे तुमची. थोडी बिघडली आहे, इतकेंच."

*

राहुकाळात, म्हणजे रोजच्या त्या अशुभ दीड तासात, ते गाडी सोडत नसत. मंगळवारी तो तीनला लागायचा. एका मंगळवारी इंग्रज वर्क्स मॅनेजर चिडला आणि बरोबर तीन वाजता स्वतःच नवी गाडी घेऊन निघाला. गिंडीच्या रेल्वे फाटकाशी ती बंद पडली. पेट्रोलच भरलेलं नव्हतं.

भीमराव शांतपणे म्हणाले, "राहुकाळांत पेट्रोल कोण भरतो, सर?"

*

आयुधपूजेला सगळी हत्यारं गंध लावून पूजेत मांडायची आणि दिवसभर त्यांना हात लावायचा नाही. साहेबाला एक पत्र तातडीनं पाठवायचं होतं. टाइपरायटर पूजेत, पेनही पूजेत.

"बरं, निदान आलेलं पत्र तरी वाचतो," म्हणून त्यानं टेबल चाचपलं. चष्म्यालाही गंध लागलं होतं.

*

आठ वर्षं यादीत थांबल्यावर भीमरावांच्या स्वतःच्या गाडीचा नंबर लागला. धाकटीच्या लग्नाला त्याच गाडीतून तंजावरला जायचं, हे त्यांच्या बायकोनं, तुळजाबाईंनी, कधीच ठरवून टाकलं होतं. चाकांखाली ठेवायला चार लिंबं घेऊन त्या बसनं आल्या. नियम कडक होता. गाडी नाकारली, तर दुरुस्त होऊन ती पुढच्या माणसाला जायची आणि नाकारणारा यादीच्या शेवटी.

भीमरावांनी गाडी तपासली. मागचा डावा दरवाजा उघडला, लावला. पुन्हा उघडला, लावला. मग कागदावर लिहिलं, 'नापास.'

मी म्हणालो, "अहो, तुमचीच गाडी आहे!"

"दुसऱ्याची असती तर सोडली असती काय?"

आम्ही सगळे तुळजाबाईंकडे बघायला लागलो. मला फार वाईट वाटलं त्यांचं. त्यांनी लिंबं माझ्या हातात दिली, पदर खोचला, पुढे होऊन तो दरवाजा स्वतः उघडला आणि लावला.

"वाजतो आहे," त्या म्हणाल्या. "परतीची बस कितीला?"