नकाशातलं बदक

कचेरीत त्यांना सगळे खळकाका म्हणत. जुन्या नकाशांना खळ लावून मागे कापड चिकटवायचं, सुरकुत्या काढायच्या, यातच त्यांची चौतीस वर्षं गेली. त्या नकाशांत नदीवर होड्या होत्या, रानात हरणं होती. सीमा मात्र दर पन्नास वर्षांनी कूस बदलत आणि माणसं त्यापायी डोकी फोडून घेत. रेघा ओढणारे ओढून गेले, पसारा आवरायला मी आहेच, असं काका कंटाळून म्हणत. त्यात खोटं काही नव्हतं.

या कामाचा एकच नियम होता. किडीनं भोक पाडलं तर कोऱ्या कागदाचं ठिगळ लावायचं, वर काही काढायचं नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी काकांनी तो मोडला. तेव्हाच्या साहेबांना नकाशा देखणा हवा होता. काकांनी ठिगळावर तुटलेली सीमा जोडली आणि हौसेनं शेजारी एक बदकही काढलं.

नेमका तोच नकाशा आता दोन गावांच्या भांडणात टेबलावर आला. वाद विहिरीचा. रेघ विहिरीच्या खालून गेलेली, म्हणजे विहीर वरच्या गावाची, असं ठरत आलं होतं. वरच्या गावात काकांची धाकटी बहीण दिलेली. अर्धा जन्म लांबून पाणी वाहून तिची कंबर गेली होती. तिचा आनंद गगनात मावेना.

 इकडे काकांच्या निवृत्तीला चार महिने उरले होते. तोंड शिवून बसले असते तर कुणाला काही कळलं नसतं. चार दिवस तसे बसलेही. पाचव्या दिवशी त्यांनी साहेबांसमोर नकाशा खिडकीच्या काचेला धरला. उजेडात ठिगळ गडद दिसलं.

"साहेब, एवढी रेघ माझी आहे. बदकही माझंच."

निकाल थांबला, फेरमोजणी लागली. काकांना नोटीस मिळाली. ती त्यांनी न वाचताच खिशात घातली, इतके ते थकले होते.

संध्याकाळी बहीण आली. पुढे केलेल्या पेल्याला तिनं हात लावला नाही.

"दादा, एवढं एक बदक झाकून ठेवता आलं नाही तुला?"

काकांनी पेला उचलून बाजूला ठेवला. ते ठिगळ लावलं त्याच आठवड्यात तिचं लग्न ठरलं होतं. रेघ विहिरीच्या वरून न्यावी की खालून, म्हणून त्यांचा हात क्षणभर थांबला होता. सासरी तिला पाणी जवळ असावं, एवढंच तेव्हा मनात आलं होतं.