दोन्ही हातांनी दिलेला चहा

मंडळी, आज सकाळी सुनेला, स्मिताला घेऊन मुलुंडला डॉक्टरांकडे गेले होते. तिचं कोपर महिनाभर दुखतंय. डॉक्टर म्हणाले, "टेनिस एल्बो."

स्मिता वैतागलीच. "अहो, मी जन्मात रॅकेट धरलेली नाही!"

"धरावी लागत नाही. माझ्याकडे येतात ते बहुतेक चाळिशीतले. कपडे पिळणाऱ्या बायका, रंगारी, सुतार. उचलताना दुखतं ना?"

"भरलेला कपसुद्धा दोन्ही हातांनी धरावा लागतो."

मला एकदम आई दिसली.

पन्नासच्या दशकात आम्ही अंधेरीला राहायचो. आई विहिरीचं पाणी शेंदायची, घरभराचे कपडे पिळायची. पाहुणे आले की कपबशी दोन्ही हातांनी पुढे करायची. आत्या कौतुकाने म्हणायची, "आमच्या वहिनीचं वळण बघा!" मलाही तिने तसंच द्यायला शिकवलं. आई नुसती हसायची. पाहुणे गेले की चुलीपाशी बसून उजव्या कोपराला तेल चोळायची.

कसलं डोंबलाचं वळण! तिला एका हाताने कप उचलवतच नव्हता.

आता आई नाही. पण तुमच्या घरी कुणी दोन्ही हातांनी चहा देत असेल, तर कप घेण्याआधी तिला विचाराल का, "कोपर दुखतंय का गं?"