चार महिन्यांचं कौतुक

"माझा कावळा वाट चुकलाय, बाई," असं शेजारची वहिनी हसत म्हणायची, पदर कमरेला खोचायची आणि ज्या घरानं बोलावलं त्या घराच्या चुलीपुढं बसायची.

मी वरकुट्यात शिक्षिका होते, तिच्या शेजारीच भाड्यानं राहायचे. नव्वदच्या दशकाची सुरुवातीची वर्षं. कावळा शिवलेल्या बाईनं लोणच्याला, नैवेद्याला हात लावायचा नाही, हे तिथं ठरलेलंच होतं. हिची पाळी दोन-तीन महिन्यांनी यायची, तीही डाग दिसेल न दिसेल इतकी. म्हणून गावातल्या पुरणाला, कुरडयांना हिलाच हाक. तुम्हीही पाहिली असेल अशी दारोदार राबणारी एखादी. ती कायम मोकळी कशी, हे आपण विचारत नाही.

तिला मूल नव्हतं. पाळी लांबली की सासूला दर वेळी आशा लागायची. एका वर्षी दिवाळीनंतर पाळी आलीच नाही. सासूनं तिच्या डोक्यावरची घागर काढून घेतली. कारखान्यावर ट्रॅक्टर चालवणारा नवरा इंदापूरहून डाळिंबं आणू लागला. ताट वाढून सासू समोर बसायची. "खा गं, दोन जिवाची हायस."

तिला ना उलटी, ना पोट. मी हळूच म्हटलं, "वहिनी, डॉक्टरला दाखवा."

"दाखवू की. जरा थांबा," ती म्हणाली. "सध्या आत्याबाई माझ्या केसाला तेल लावत्यात."

होळीच्या सुमारास एका सकाळी ती न्हाणीपाशी लुगडं धूत बसलेली दिसली. पाळी आली होती, डाग मात्र नखाएवढासुद्धा नव्हता. ती रडली नाही. पिळा घट्ट करत म्हणाली, "आता माझं ताट मलाच वाढून घ्यावं लागंल."

मग बारामतीला दाखवलं. सासूबरोबर मीही गेले होते. तपासण्या झाल्यावर डॉक्टरांनी समजावलं, गर्भपिशवीला क्षय झालाय. आतलं अस्तर खराब झालंय, म्हणून पाळी अशी. मूल होणं अवघड, पण औषध पुरं करा, नाहीतर जिवाला धोका आहे.

सासूनं त्यातलं अर्धंच ऐकलं. "लेकरू हुणार न्हाय, तर गोळ्या कशापायी?"

सरकारी दवाखान्यातून गोळ्या मी आणू लागले. ती माझ्याकडं येऊन घ्यायची.

त्याच उन्हाळ्यात नवऱ्याचं दुसरं लग्न ठरलं. हळदीच्या सकाळी सासूनं हाक मारली, "पुरण तूच घाल बाई, बाकीच्यांचा भरवसा न्हाय."

ती ओट्यावरून हलली नाही. "आत्याबाई, मी बाहेरची हाय."

सासूनं पुरणाचं पातेलं दुसरीपुढं सरकवलं. चार बायकांसमोर यावर वाद कसा घालणार? दिवसभर ती अंगणाबाहेर लिंबाखाली बसून होती. मी पाणी घेऊन गेले आणि विचारलं, "खरंच का, वहिनी?"

"न्हाय," ती म्हणाली. "पण आजच्या दिवस मला कुणी हात लावू नये, असं वाटलं."

दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ आला आणि तिला माहेरी, कऱ्हाटीला घेऊन गेला. तिच्या पिशवीत मी गोळ्या घातल्या. म्हटलं, संपायच्या आत भावाला सांगा, तो आणून देईल. "व्हय," म्हणाली. पण असलं दुखणं भावाला कोणत्या तोंडानं सांगायचं, हा विचार तेव्हाच तिच्या डोळ्यांत दिसत होता.

पुढच्या दिवाळीच्या सुट्टीत मी कऱ्हाटीला गेले. ती भादव्यातच गेली होती. ताप हटेना, अन्न जाईना, एवढंच घरच्यांना ठाऊक.

भाऊ मला गाडीपर्यंत सोडायला आला. एसटी आली तेव्हा खाली बघत त्यानं विचारलं, "बाई, आक्काला नेमकं काय झालं हुतं? ती कधी बोललीच न्हाय."

मी एसटी जाऊ दिली. रस्त्याच्या कडेला उभी राहून त्याला सगळं सांगितलं, पाळीपासून. त्यानं मान वर न करता ऐकून घेतलं.

मग म्हणाला, "म्हंजी औषध हुतं?"

"होतं," मी म्हटलं.